वन्सं काहीच करत नाहीत

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. नवीन आहेत, सातच महिने झालेत. खुर्चीत टेकायच्या आधी मुद्द्यावर येतात. म्हणाले, "बाई, तुमच्या उजव्या हाताला त्रास होतोय हे आता सगळ्यांना दिसतंय. ऑर्गनचं काम आपण कीबोर्डवालीकडे देऊ या. तुम्ही विश्रांती घ्या."

एकतीस वर्षं मी या मंडळीत ऑर्गन वाजवतेय. लग्न होऊन दुसऱ्या आठवड्यात त्या बाकावर बसले ती आजपर्यंत. माझ्या गळ्यात कफ भरलेला असताना वाजवला, आई गेली त्या रविवारीही वाजवला. दोन बोटं वाकत नाहीत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. गेल्या रविवारी शेवटच्या गीतात सूर चुकला आणि अख्खी मंडळी अडखळली, एवढंच. आणि कीबोर्डवालीला पहिल्या तीन परीक्षा मी पास करून दिल्यात!

मी म्हटलं, "प्रभूची इच्छा." आवाज अजिबात कापला नाही. पाळकसाहेबांना वाटलं होतं मी रडेन. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

१९ जानेवारी, रविवार

आज उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिले, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी वाजवते म्हणून मी आहे. आता प्रभूने माझी बोटं काढून घेतली आणि मला सांगितलं, तुझी किंमत तुझ्या बोटांत नाही, माझ्यात आहे." पुढे बोलवेना. थोडं थांबले. तेवढ्या वेळात मागच्या बाकांवरून हुंदके ऐकू आले.

नंतर दाराशी तेवीस जणांनी हात हातात घेतला. सेक्रेटरीची बायको म्हणाली, अशी नम्रता तिने आयुष्यात पाहिली नाही. कीबोर्डवालीजवळ पाच-सहाच जण उभे होते.

खरंच फार शांत वाटतंय.

२८ जानेवारी

वन्संना घरी आणलं. ह्यांची मोठी बहीण, सदुसष्ट वर्षांची. डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. हे तेव्हापासून विचारत होते, आपल्याकडे आणू या का, आणि मला सरावातून वेळ कुठे होता? आता मीच म्हटलं, आणू या. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेबांनी रविवारी व्यासपीठावरून सांगितलं, "आपल्या बाईंनी एक सेवा खाली ठेवली आणि दुसरी उचलली."

ऑर्गनच्या सरावासाठी घेतलेली पेटी मधल्या खोलीत होती ती आमच्या खोलीत हलवली आणि तिथे वन्संची खाट टाकली. उशाशी छोटी घंटी ठेवलीय. लागलं तर वाजवा म्हटलं.

४ फेब्रुवारी

नाकी नऊ आलेत. सकाळी सहाला पुसून काढायचं, कपडे, सूप भरवायचं. अर्धं सूप हनुवटीवरून खाली. मग औषधं, मग पाठीला पावडर. नाहीतर जखमा होतात. हे सातला प्रयोगशाळेत जातात (पाणीपुरवठ्याच्या) आणि संध्याकाळी येऊन बहिणीजवळ पंधरा मिनिटं बसतात, दोघं खिदळतात. काम सगळं माझ्यावर.

वन्संनी आयुष्यात काय केलं, असा आज मला प्रश्न पडला. शाळेची शेवटची परीक्षा दोनदा नापास. लग्न नाही. एका छापखान्यात पाकिटं चिकटवायच्या, तो बंद पडला तशा आईवडिलांपाशी बसल्या ते दोघं जाईपर्यंत. स्वयंपाकही बेताचाच. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर. त्यांच्या नावाचा एकही कागद कुठे नसेल. तरी चेहरा कायम असा की जणू आत्ताच कोणीतरी कौतुक करून गेलंय.

मी विचारलं, "वन्सं, दिवसभर पडून काय करता हो?"

"काही नाही."

"प्रार्थना तरी?"

तोंड वाकडं आहे, शब्द ओले येतात, पण कळतं. म्हणाल्या, "सकाळी डोळे उघडले की म्हणते, प्रभू, मी आहे. तो म्हणतो, बरं."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्यासारखी कार्यक्रमपत्रिका नसते गं."

आणि हसल्या. सूप माझ्या बाहीवर उडालं. अशा आळशी श्रद्धेचा मला राग येतो. प्रभूने प्रत्येकाला काहीतरी दिलेलं असतं, ते वापरायला नको?

११ फेब्रुवारी

वन्संचे केस कापले. कमरेपर्यंत होते, पांढरेशुभ्र. धुवायला अर्धा तास, वाळायला दोन तास, गुंता वेगळाच. विचारत बसले असते तर चार दिवस गेले असते, म्हणून पाठीला पावडर लावायला कुशीवर वळवलं तेव्हाच मागून वेणी कापली. आता सोयीचं पडतं.

वन्सं भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडल्या. पण अर्धांगवायूनंतर डोळ्यांना तसंही पाणी येतंच, डॉक्टरांनी सांगितलंय.

संध्याकाळी हे आले, बघितलं आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "लहानपणी आई तिला ओरडायची तेव्हा मी तिची वेणी धरून झोपायचो." मी म्हटलं, तुम्ही धुणार होता का?

वेणी कचऱ्यात टाकली होती. नंतर पाहिलं तर डब्यात नव्हती.

२० फेब्रुवारी

भगिनी मंडळात साक्ष द्यायला बोलावणं आलं, आणि पलीकडच्या मंडळीतूनही. साक्षीत थोडी सुधारणा केली. "बोटं काढून घेतली" याच्यानंतर आता मोठा विराम घेते, तिथे परिणाम चांगला होतो. वन्संचा भागही घातलाय. एका स्त्रीची दुपटी बदलताना मला प्रभूचे पाय धुतल्यासारखं वाटतं, असं.

भगिनी मंडळातल्या चौघी नंतर घरी भेटायला आल्या. मी त्यांना वन्संच्या खोलीत नेऊन सगळं दाखवलं, रबरी चादर कशी घालते, दिवसातून किती वेळा ओलं होतं ते. एकीने वन्संना विचारलं, "बरं वाटतंय ना वहिनीकडे?" वन्सं म्हणाल्या, "पांघरूण तेवढं घाल गं."

आल्यागेल्याशी बोलायची रीत नाही त्यांना.

१ मार्च

मंडळीला पंचाहत्तर वर्षं होतायत. सोळा तारखेला मोठी उपासना, बाहेरून पाहुणे, गायकवृंद चाळीस जणांचा. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. पण आठवडाभर दुपारी पेटीवर हात फिरवतेय, आपलं सहज. बोटं थोडी ऐकायला लागलीत असं वाटतं.

मी बसले की वन्संची घंटी सुरू. पाणी. कुशीवर वळव. ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा ओढ. काल एका तासात पाच वेळा. आज घंटी उचलून स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. हाक मारता येतेच की. आवाज लांब जात नाही, पण दार उघडं असलं तर येतो.

७ मार्च

काल काय झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी दोनला पाळकसाहेबांचा फोन आला. कीबोर्डवाली तापाने पडलीय, गायकवृंदाची तालीम तीनला, बाई, आजच्यापुरतं याल का? मी म्हटलं, वन्संना बघायला कोणी नाही. ते म्हणाले, मग राहू द्या, कोणीतरी नुसता ताल धरेल. मी म्हटलं, नाही नाही, येते.

वन्संना बदललं, पाणी पाजलं. सांगितलं, तासाभरात येते. त्या म्हणाल्या, "घंटी?" मी म्हटलं, मी घरात नसताना घंटी कोणासाठी वाजवणार? हसल्या. म्हणाल्या, "तेही खरंच. जा, वाजवून ये."

तालीम तासाची होती. गायकवृंदाच्या मास्तरांनी मला चार वेळा थांबवलं. पहिल्यांदा सौम्यपणे. चौथ्यांदा म्हणाले, "बाई, उजवा हात सोडून द्या, नुसत्या डाव्याने वाजवा." चाळीस जणांसमोर. तसं वाजवलं. चार वाजता सुटणार होतं. मीच म्हटलं, पुन्हा एकदा घेऊ या, पहिल्यापासून. मग पुन्हा. लोक घड्याळ बघायला लागले. मास्तर गेले तरी मी बसून राहिले. वाटलं, एकदा तरी तो तुकडा नीट निघाल्याशिवाय उठायचं नाही. निघाला नाही.

घरी पोचले तेव्हा पावणेसहा. वन्सं खाटेखाली पडल्या होत्या. उजव्या हाताने गादीची चादर ओढून अर्धी अंगावर घेतली होती. सगळं ओलं. ओठ निळसर. मी हाक मारली तर डोळे उघडले आणि म्हणाल्या, "झाली का तालीम?"

खुब्याचं हाड मोडलंय. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, किती वेळ पडल्या होत्या? मी सांगितलं, औषधाच्या दुकानात गेले होते, दहा मिनिटं. तो लिहून घेत होता. वन्सं शेजारी होत्या, शुद्धीवर होत्या. माझ्याकडे बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

दहा मिनिटं काय आणि बाकी काय, हाड तर पहिल्याच क्षणी मोडलेलं असणार. खरं सांगून कोणाचं भलं होणार होतं?

९ मार्च, रविवार

ऑपरेशन झालं. मंडळीत सगळ्यांनी विचारलं. "किती करता हो तुम्ही. दहा मिनिटंसुद्धा उसंत नाही." सेक्रेटरीच्या बायकोने मला मिठी मारली. मीही रडले. रडू खरंच आलं.

स्वयंपाकघरातल्या फळीवर घंटी नाही. बघितलं तर मधल्या खोलीत, रिकाम्या खाटेच्या उशाशी ठेवलेली. मी विचारलं नाही. हे काही बोलले नाहीत.

१६ मार्च, रविवार

पंचाहत्तरीची उपासना झाली. कीबोर्डवाली बरी झाली होती. छान वाजवलं तिने. लिहायला नको, पण छानच वाजवलं.

शेवटी सत्कार. मला कल्पना नव्हती (सेक्रेटरीच्या बायकोने बुधवारी सांगितलं होतं, पण नक्की नव्हतं). लाकडी चौकटीतलं सन्मानपत्र, "निःस्वार्थ सेवा व ख्रिस्ती नम्रतेबद्दल". पाळकसाहेब बोलत होते, "यश गेलं, पद गेलं, तरी या भगिनीने समाधान कुठे शोधलं?" मी समोर बघत होते. सहाव्या बाकावर हे बसले होते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे बसून होते. गुडघा दुखतो त्यांचा.

१९ मार्च

सन्मानपत्र घेऊन इस्पितळात गेले. वन्संना आनंद होईल असं वाटलं. त्यांच्यामुळेच मिळालंय, एका अर्थी.

उजव्या हाताने चौकट धरून त्यांनी सगळं वाचलं, अक्षर अक्षर. म्हणाल्या, "छान आहे. घरी लाव. माझ्या समोरच्या भिंतीवर नको फक्त."

वजन निम्मं झालंय. पाठीला जखम झालीय, ती ह्या इस्पितळाच्या हयगयीने.

तेवढ्यात मुख्य परिचारिका आली. पुढच्या आठवड्यात सोडतील, पण आता त्या उठून बसू शकणार नाहीत. मिशनच्या वृद्धाश्रमात जागा आहे, चोवीस तास माणूस असतो, बाग आहे. माझ्यासमोरच तिने वन्संना विचारलं, "आजी, तिकडे जाल ना? सगळं बघतील तुमचं."

खरं सांगते, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मनात खाट कुठे विकायची इथपर्यंत पोचले होते.

वन्सं म्हणाल्या, "नको. घरी जाईन."

"घरी वहिनींना किती त्रास होईल आजी. विचार करा."

"केला विचार," वन्सं म्हणाल्या. "वहिनीला दुसरं कोण आहे?"

परिचारिका हसली. बाहेर येऊन मला म्हणाली, या वयात शब्द उलटसुलट होतात, मनावर घेऊ नका. म्हणायचं होतं, मला वहिनीशिवाय दुसरं कोण आहे. मीही तेच म्हटलं. उलटं बोलल्या.

मला हे आहेत. मंडळी आहे. मूलबाळ नाही, पण शिकवलेल्या मुली आहेत, त्यातली कीबोर्डवाली तर. सेक्रेटरीची बायको आहे. भगिनी मंडळ आहे.

हे आहेत.

२१ मार्च

आज जेवताना हे म्हणाले, "ताईला आणायचं का घरी? तू सांग." मी म्हटलं, माझी ना नाही, पण पुन्हा पडल्या तर? औषधाच्या दुकानात दहा मिनिटं गेलं तरी...

ह्यांनी ब्रेडचा तुकडा ताटलीत ठेवला. शांतपणे म्हणाले, "समोरच्या दारातल्या शिक्षिकेने तुला अडीचला जाताना पाहिलं. गीतांच्या वह्यांची पिशवी तुझ्या हातात होती म्हणाली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

पंधरा दिवस. पंधरा दिवस हे माझ्यासमोर बसून जेवले, मी दिलेला चहा प्यायले, सत्काराला आले. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू सांगशील." मग उठून ताटली धुतली आणि म्हणाले, "रोज वाटायचं. त्या दिवशी तू व्यासपीठावर चढलीस तेव्हा वाटायचं थांबलं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. ह्याचं काय करायचं ते कळत नाही.

२३ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे गेले. सन्मानपत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. सगळं नाही जमलं. तालमीचं, वेळेचं, खोटं बोलल्याचं सांगितलं. घंटीचं राहिलं. मग दारापर्यंत जाऊन परत आले आणि घंटीचंही सांगितलं.

ते पेन फिरवायला लागले. म्हणाले, "बाई, हे तुम्ही प्रभूपुढे मांडा. तो क्षमा करतो. पण मंडळीत नको. पाहुण्यांसमोर सत्कार झालाय, फोटो छापून आलेत. उगाच अडखळण होईल लोकांना." आणि सन्मानपत्र माझ्याकडे सरकवलं.

मी ते उचललं नाही. ते म्हणाले, "घेऊन जा बाई, इथे कुठे ठेवू?"

पिशवीत घालून आणलं. आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

२७ मार्च

वन्संना घरी आणलं. सातव्या मिनिटाला ओलं झालं. बदललं. हातांना वास राहतो, साबणाने जात नाही. पूर्वीही राहायचाच, पण तेव्हा साक्षीत सांगायला असायचा.

त्यांच्या पिशवीत चार कपडे होते आणि रुमालात गुंडाळलेली त्यांची वेणी. म्हणजे ह्यांनी उचलली होती ती. मी पाहिलं ते वन्संनी पाहिलं. वेणी आपल्या उशीखाली ठेवायला सांगितली. मी ठेवली.

३० मार्च, रविवार

उपासनेला गेले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हे गेले. जाताना मला "येतेस का" असं विचारलं नाही, पण चहा झाकून ठेवून गेले होते.

वन्संच्या पाठीची जखम धुतली. मुठीएवढी आहे, खोल. त्या ओरडत नाहीत, उजव्या हाताने खाटेचा गज धरतात. झाल्यावर मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "वन्सं, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे. खाली पडल्यावर घड्याळ समोरच होतं. तीनला पाच कमी होते तेव्हा पडले. काटे बघत होते. दुसरं काय करणार?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझं तोंड बघितलं. तू मोडलेली मला तेव्हा दिसलीस. माझं नुसतं हाड होतं."

मी म्हटलं, "मला माफ केलंत का?"

मला वाटलं होतं त्या लगेच हो म्हणतील. त्यांचा तसा चेहरा आहे. त्यांनी वेळ घेतला. ओल्या शब्दांनी, एकेक करून म्हणाल्या, "रोज सकाळी करते. संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पाठ दुखायला लागली की जातं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं."

"आणि केसांचं?"

"केसांचं अजून नाही झालं."

मी म्हटलं, "मी काय करू? सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

"किती करशील गं?" वन्सं म्हणाल्या. चिडून म्हणाल्या, पहिल्यांदाच. "सतत आपलं काहीतरी करायचं. मी त्या खाटेखाली पडले होते तेव्हा माझा कोणाला काय उपयोग होता? मुतात पडले होते. तेव्हाही तो होता तिथे. मला शिकवायला नव्हता आला, शाबासकी द्यायला नाही. नुसता होता. तुझ्याजवळसुद्धा असतो तो, तुला वाजवण्यात ऐकू येत नाही."

मला हे पटलं असं मी लिहू शकत नाही. माझ्या मनात लगेच आलं, हे साक्षीत किती चांगलं बसेल. आलंच. ते लिहून ठेवते, म्हणजे निदान इथे तरी खोटं नको.

भरवायचं झालं होतं, धुवायचं झालं होतं. करायला काही उरलं नव्हतं. माझी वाकणारी बोटं मांडीवर आपोआप हलत होती, वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या, मग थांबली.

दुपार झाली. त्यांची पाठ ठणकायला लागली असावी, कपाळावर घाम आला आणि चेहरा दगडासारखा झाला. माझ्याकडे बघेनात. आजचं माफ करणं संपलं होतं. पण त्यांनी मला जा म्हटलं नाही. मी बसून राहिले.